पेवावरचं घर

घर घेताना माझ्या दोन्ही भावांनी मला इतके सल्ले दिले, की उभ्या नोकरीत त्यांनी मला तितक्या वेळा जेवायलाही बोलावलं नव्हतं. चिखलीत प्लॉट घे, बुलढाण्यात फ्लॅट घे, नाहीतर सरळ आपल्या गावी, बीबीला ये आणि आमच्या मागच्या खोलीत राहा. मागची खोली म्हणजे जिथे सोयाबीनची पोती आणि मोडका कूलर असतो ती. मी म्हटलं, बघते. आणि कुणालाही न विचारता अमडापुरात अर्धं घर घेतलं.

अर्धं घर ऐकून सगळे हसले. पण ते खरंच अर्धं होतं. गल्लीतलं जुनं, लांबट घर. मालकिणीचे यजमान कधीच गेलेले, मूलबाळ नाही. एवढं घर झाडणंसुद्धा तिला होईना, म्हणून रस्त्याकडच्या तीन खोल्या विकायच्या आणि मागच्या दोन खोल्यांत स्वतः राहायचं असं तिने ठरवलेलं. दोन्ही भागांच्या मधे एक भिंत आणि भिंतीत एक दार. दाराला दोन्हीकडून कडी.

मी सरकारी नर्स होते. सगळी नोकरी याच जिल्ह्यात आणि सगळी क्वार्टरमध्ये. क्वार्टरच्या दारावर थाप पडते ती कुणाच्या तरी पोटात दुखतंय म्हणून. बाळ झालं, ताप उतरला, की माणसं आपापल्या गल्लीत परत. काही दुखत नसताना सहज डोकावून जाणारं माणूस मला इतक्या वर्षांत मिळालं नाही. लग्न केलं नाही. का नाही केलं याची उत्तरं देता देता केस पांढरे झाले, आणि केस पांढरे झाल्यावर लोकांनी विचारायचं सोडलं. तेव्हा मात्र जरा वाईट वाटलं.

घर बघायला गेले तेव्हा दलाल मला भिंतींची जाडी दाखवत होता. उन्हाळ्यात पंखा लागणार नाही म्हणत होता. मी त्याच्याकडे बघत मान हलवत होते आणि ऐकत होते पलीकडून येणारा खोकला. मालकीणबाई मागच्या खोलीत खोकत होत्या. भिंतीपलीकडचा खोकला इकडे ऐकू येतो, म्हणजे आपण खोकलो तर तिकडेही ऐकू जाईल. माझं ठरलं ते तिथेच. मग त्या बाहेर आल्या. पंच्याहत्तरीच्या आसपासच्या, काटक, नऊवारी नेसलेल्या.

"एकल्याच काय वो तुमी?" त्यांनी विचारलं.

"एकटीच."

"मीबी," त्या म्हणाल्या, आणि चहा ठेवायला आत गेल्या.

घर मी एका खोकल्यासाठी घेतलं, हे भावांना सांगितलं नाही. त्यांनी मला डॉक्टरकडे नेलं असतं.

मी त्यांना काकू म्हणायला लागले. त्या मला सिस्टर म्हणायच्या, सगळं गावच म्हणायचं. ताबा देण्याच्या दिवशी काकूंनी मला स्वयंपाकघराच्या आतल्या कोपऱ्यात नेलं आणि जमिनीकडे बोट दाखवून म्हणाल्या, "इथं जड काई ठेवू नका, सिस्टर. पायबी नका देऊ जास्त."

"का हो?"

"देवाचं ठाणं हाय."

आता देवाची ठाणी मी पुष्कळ पाहिलेली. बाळंतिणीला पाणी द्यायचं नाही असं ज्या घरात देवाने सांगितलेलं असायचं, त्या घरात मी देवाशी भांडून तिला पाणी पाजलेलं आहे. पण इथे काही कुणाचा जीव अडला नव्हता. एक कोपरा मोकळा ठेवायचा, एवढंच. मी ठेवला. दिवाळीत काकू मधल्या दारातून हातात पणती घेऊन येत, त्या शहाबादी फरशीवर ठेवत, हळदकुंकू वाहत, आणि मग माझ्याच ओट्यावर बसून माझाच चिवडा खाऊन त्यात मीठ कमी आहे म्हणून सांगत.

दिवसा दोन्हीकडच्या कड्या उघड्या असत. सकाळी जिचा चहा आधी होईल तिने दार ढकलायचं. काकूंची भाकरी आणि माझी भाजी असा हिशेब आपोआप ठरून गेला. मी त्यांचं बीपी तपासायचे आणि त्या मला रागवायच्या, की मशीन दाबलं की बीपी वाढतेच, त्यात त्यांचा काय दोष. संध्याकाळी माझ्या टीव्हीवर मालिका. मालिकेतल्या सासवा काकूंना फार मवाळ वाटायच्या. "हे काय सासू हाय," त्या म्हणायच्या, "माही पाह्यली असती तं हे पोरगी पयल्याच दिवशी माहेरी गेली असती." मी सुखात होते. हा शब्द मी सहसा वापरत नाही, पण दुसरा सापडत नाही.

मग पाण्याने घात केला.

आमच्याकडे नळ येतो तो पाहुण्यासारखा, आणि न कळवता. आला की ड्रम, बादल्या, पातेली, जे सापडेल ते भरायचं. माझे गुडघे गेलेले. बादल्या उचलणं होईना म्हणून तिसऱ्या उन्हाळ्यात मी एक मोठी काळी टाकी आणली. नळाचा पाइप घरात येतो तो नेमका त्याच कोपऱ्यात. टाकी दुसरीकडे ठेवायची तर फरशी फोडून पाइप फिरवावा लागणार. काकू तेव्हा पुतण्याकडे अकोल्याला लग्नाला गेल्या होत्या. टाकी आणणाऱ्यांनी विचारलं, कुठे? मी म्हटलं, तिथेच.

काकू परत आल्या, मधलं दार ढकललं, आणि टाकी बघून दारातच थांबल्या.

"थे काढा तथून," त्या म्हणाल्या.

"काढून ठेवू कुठे? नळ तर इथेच येतो."

"ठाणं हाय म्हणून सांगतलं होतं ना तुमाले."

"देव पाण्याला नाही म्हणत नाही, काकू."

काकू आपल्या भागात परत गेल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा म्हणाल्या, टाकी काढा. मग रोजच. चहा पिता पिता नजर टाकीकडे. मला राग यायला लागला. माझ्या घरात माझी टाकी, आणि हिचा देव इतका नाजूक कसा, असं मनात म्हणायचे. एकदा तोंडावरही म्हणाले. काकूंनी कप खाली ठेवला आणि निघून गेल्या. पण दुसऱ्या दिवशी चहाला आल्या, आणि आल्या आल्या टाकीकडे बघितलं.

त्या सकाळी नळ आलेला होता. टाकी काठोकाठ भरलेली. मी गॅसपाशी दोन कप चहा ठेवला होता. आधी फरशी करकरली. मी वळून बघितलं तर टाकी एका अंगाला कलली होती. मग फरशीचे दोन तुकडे झाले आणि टाकी खाली गेली. आवाजही फार मोठा झाला नाही. पोतं टाकल्यासारखा झाला. तुटलेल्या पाइपातून पाणी उडत होतं आणि माझ्या स्वयंपाकघरात, माझ्यापासून हातभर अंतरावर, काळं भोक पडलेलं होतं.

आणि वर आला तो वास. आंबट, दमट, कोंदलेला. त्या वासाची मला ओळख पटायला क्षणही लागला नाही. लहानपणी आमच्या घरी त्या वासाच्या ज्वारीची भाकरी असायची. जमिनीत आड खणतात तसा खड्डा खणायचा, तोंड अरुंद, पोट मोठं, आतून शेणामातीने लिंपायचं, कडब्याचा थर द्यायचा, ज्वारी भरायची आणि वर शिळा ठेवून माती लोटायची. त्याला पेव म्हणतात. पेवातली ज्वारी वर्षानुवर्षं टिकते, फक्त तिला तो वास लागतो. नवी सून पहिल्या घासाला नाक मुरडते आणि पुढे तिलाच दुसरी भाकरी गोड लागत नाही.

पेवाची दुसरी एक ओळख मला नोकरीत झाली होती. सुरुवातीच्या एका गावात दोन सख्ख्या भावांना बैलगाडीत घालून आणलं होतं. बंद पेव उघडलं आणि आतली हवा निघून जायची वाट न बघता एक जण उतरला. तो वर येईना म्हणून दुसरा उतरला. मी नाडी बघितली, मग दुसऱ्याची बघितली. त्यांची आई गाडीच्या चाकाला धरून उभी होती आणि विचारत होती, सुई देता का. पुढे कित्येक वर्षं मला कुणी पेव म्हटलं की ज्वारी आठवायची नाही, ती बाई आठवायची.

म्हणून मी भोकात वाकून बघितलं नाही. गॅस बंद केला, खिडक्या-दारं उघडली, बाहेर येऊन ओट्यावर बसले.

वास जरा ओसरल्यावर मी आत गेले, तोच काकू मधल्या दाराने आल्या. भोकाकडे बघितलं. हे काय झालं, असं त्यांनी विचारलं नाही, आणि तेवढ्यावरूनच मला कळलं.

"काकू, हे पेव आहे."

"हाव."

"तुम्हाला माहीत होतं."

"हाव."

"मग सांगितलं का नाही?"

"सांगतलं ना. जड ठेवू नका म्हणलं. कितीदा म्हणलं."

"देवाचं ठाणं म्हणालात. पेव म्हणाला नाहीत."

काकूंनी पदर सारखा केला. "पेव कोनी सांगते काय बाहेरच्या मानसाले?"

खड्ड्यात पडले असते तर जेवढं लागलं असतं, तेवढं मला ते लागलं. बाहेरचं माणूस. रोज त्यांच्या हातची भाकरी खाणारी मी, बाहेरचं माणूस. मला त्यांच्या म्हणण्यातली गोष्ट समजत नव्हती असं नाही. पेवात घराचं वर्षाचं पोट असायचं. पेव कुठे आहे हे बाहेर कळलं की चोर रातोरात उपसून न्यायचे. म्हणून ती जागा घरातल्या घरात सांगायची, सासूने सुनेला दाखवायची, आणि वर देवाचं नाव घालून ठेवायचं म्हणजे कुणी उकरत नाही. सगळं समजत होतं. पण आता त्या पेवात ज्वारीचा दाणा नव्हता. होती फक्त माझी टाकी, आणि जरा पुढे उभी असते तर मीही.

मी तापट आहे. नोकरीत मला मागे सगळे तिखट म्हणायचे, ते मला माहीत होतं. मी गल्लीला बोलावलं, दाखवलं. बघा, मला काय विकलं ते बघा. दुपारपर्यंत माझ्या स्वयंपाकघराची जत्रा झाली. माणसं वाकून बघत, आपल्या आज्याचं पेव कुठे होतं त्याच्या गोष्टी सांगत, आणि जाताना माझ्याकडे अशा नजरेने बघत की जशी मीच आत पडून आलेय. त्या दिवसापासून आमच्या घराचं नाव पेवाचं घर पडलं. नाव मीच पाडलं, दवंडी माझीच होती.

काकूंचा पुतण्या अकोल्याहून गाडी घेऊन आला. विक्रीचं सगळं त्यानेच केलेलं. बोलायला गोड.

"सिस्टर, जुनं घर हाय. जसं हाय तसं घेतलं तुमी. कागदावर लिहेल हाय."

"जसं आहे तसं म्हणजे जसं दिसतं तसं," मी म्हटलं. "पोटात खड्डा आहे हे मला दिसत होतं का?"

"मलेबी कुठी मालूम होतं? देवाशप्पथ."

त्याला खरंच माहीत नव्हतं. मी म्हटलं, तुमच्या काकूंना माहीत होतं. तेव्हा त्याने असं काही तोंड केलं की म्हाताऱ्या माणसांचं काय घेऊन बसता. त्या तोंडाचा मला काकूंपेक्षा जास्त राग आला.

गावातल्या तंटामुक्ती समितीपुढे बैठक बसली. मी एकीकडे खुर्चीवर, काकू दुसरीकडे खुर्चीवर, पदर डोक्यावरून पुढे ओढलेला. समितीच्या अध्यक्षांनी मला विचारलं, काय म्हणणं आहे. मी म्हटलं, एकतर व्यवहार मोडा, नाहीतर पेव बुजवून घर पहिल्यासारखं करून द्या. बोलत होते ते खणखणीत, पण खरं सांगायचं तर व्यवहार मोडायचा मला विचारसुद्धा सहन होत नव्हता. मी जाणार कुठे? त्या कूलरच्या खोलीत? मला फक्त काकूंनी म्हणायला हवं होतं, की सिस्टर, माझं चुकलं. एवढं म्हणाल्या असत्या तर मी तिथेच उठून त्यांना घेऊन घरी आले असते.

अध्यक्षांनी काकूंना विचारलं, "आजी, तुमाले मालूम होतं का?"

"तू चूप बस," पुतण्या हळूच म्हणाला.

"खोटं कायले बोलू?" काकू म्हणाल्या. "मले मालूम होतं."

"मंग सांगतलं काऊन नाई?"

"पेव बाहेरच्याले सांगत नसतेत."

बैठकीतले म्हातारे माना हलवायला लागले. खरंच आहे, नसतेच सांगत. तरण्यांनी एकमेकांकडे बघितलं. निर्णय माझ्या बाजूने झाला. पेव बुजवायचं, फरशी घालून द्यायची, सगळं काकूंकडून. म्हणजे पुतण्याकडून. उठताना मी काकूंकडे बघितलं. त्या अध्यक्षांच्या मागच्या भिंतीकडे बघत होत्या. चुकलं, असं त्या म्हणाल्या नाहीत.

मीही मागे हटले नाही, आणि मला त्याचं आजही काही वाटत नाही. माझा जीव गेला असता. ज्याचा जीव जाणार होता त्याने गप्प बसावं अशी ज्यांची अपेक्षा असेल त्यांनी स्वतः पेवावर टाकी ठेवून बघावी.

बुजवायला गावातले गवंडी मिस्त्रीभाई आले. मी फळ्या टाकून झाकलेलं भोक त्यांनी आधी उघडं ठेवायला लावलं. "पयले हवा लागू द्या, ताई. मंगच मी हात लावतो. जल्दीचं काम नाई हे." मग टाकी वर ओढून काढली, ट्रॅक्टरने मुरूम आला, थर टाकून धुम्मसाने ठोकून घेतला, वर नवी फरशी. कोपरा इतका घट्ट झाला की तिथे आता हत्ती बांधता आला असता. टाकी मी परत तिथेच ठेवली. ती बघायला कुणी आलं नाही.

मधल्या दाराची कडी मी माझ्या बाजूने लावली होती. काकूंनीही लावली असणार, लावताना आवाज आला. सकाळी दोन्हीकडे चहा व्हायचा. तिकडच्या स्टोव्हचा आवाज मला ऐकू यायचा, माझ्या मिक्सरचा त्यांना. मी मालिका लावायचे आणि आवाज जरा मोठा ठेवायचे. भिंतीपलीकडे त्या ऐकत असतील का, हे बघायला काही उपाय नव्हता. हिवाळ्यात त्यांचा खोकला वाढला. मी औषधाची बाटली नेऊन त्यांच्या पुढच्या दाराशी ठेवली, कडी वाजवली आणि त्या यायच्या आत परत आले. औषध संपल्यावर ती बाटली धुऊन, पुसून माझ्या ओट्यावर ठेवलेली सापडली. बस, एवढंच आमचं बोलणं. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, सिस्टर, जाऊन बोला ना. मी म्हणायचे, दार काय एका बाजूने उघडतं का.

तूर निघाल्यावर पुतण्या काकूंना न्यायला आला. गावात इज्जत राहिली नाही म्हणे, आणि म्हातारीला एकटं ठेवून लोक त्यालाच नावं ठेवतात. घर विकायचं. हे मला शेजारणीकडून कळलं. ऐकल्यावर मी कपडे धुवायला बसले आणि धुतलेलेच कपडे पुन्हा धुतले. घर मिळालं होतं, निर्णय मिळाला होता, फरशी मिळाली होती, आणि ज्यासाठी घर घेतलं ते माणूस गाडीत बसून निघालं होतं.

जायच्या सकाळी मधल्या दाराची पलीकडची कडी निघाली. मी स्वयंपाकघरात उभी होते. मी माझी काढली. काकू दारात होत्या, नवं लुगडं नेसलेल्या.

"या इकडं," त्या म्हणाल्या.

मी त्यांच्या मागे त्यांच्या निजायच्या खोलीत गेले. सामान बांधलेलं, खाट तेवढी राहिलेली. काकूंनी खाटेचा पाय धरला आणि ओढायला लागल्या. मी दुसरीकडून धरलं. खाली तशीच शहाबादी फरशी होती, आणि तिच्यावर जुन्या कुंकवाचा डाग.

"हे दुसरं," काकू म्हणाल्या. "मोठं तं हेच हाय. तुमच्याकडचं लहानं होतं."

"आणि तुम्ही यावरच झोपत होतात?"

"मले कितीसं वजन हाय?"

मी त्या फरशीकडे बघत राहिले. त्यांनी मला कमी धोक्याचा भाग विकला होता आणि मोठ्या पेवावर स्वतः खाट टाकली होती. हे समितीपुढे त्यांनी सांगितलं नव्हतं.

"तुमच्या पुतण्याला माहीत आहे?"

"त्याले काऊन सांगू? माह्या सासूनं मले दाखवलं होतं. मले कोनी सून नाई." त्यांनी खाट परत जागेवर ढकलली. "तुमाले दाखवून ठेवते."

"मी बाहेरचं माणूस ना," मी म्हटलं. राग उतरलेला होता, पण जीभ माझीच होती.

"म्हणलं तं म्हणलं," काकू म्हणाल्या.

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. मी त्यांना हात दिला तो त्यांनी ओटा उतरेपर्यंत सोडला नाही. मग गाडीत बसल्या. पुतण्याने मागच्या भागाला कुलूप लावलं आणि किल्ली खिशात घातली.

एकटं राहणं मला नवं नव्हतं. पण क्वार्टरमध्ये भिंतीपलीकडे कधी कुणी नव्हतंच, त्यामुळे तिथे कुणी नाही हे कळायचं कारण नव्हतं. इथे कळायला लागलं. सकाळी दोन कप चहाचं पाणी ठेवलं जायचं आणि एक कप ओतून द्यायचा. मालिका बघताना सासू काही बोलली की मी भिंतीकडे बघायचे. कधी मुद्दाम खोकायचे. वेडेपणा आहे, पण केला.

पुढे एक गिऱ्हाईक आलं. नवरा शाळेत शिक्षक, बायको, आणि नुकती रांगायला लागलेली मुलगी. पुतण्याने मला आदल्या दिवशी फोन केला, की सिस्टर, किल्ली पाठवतो, जरा घर दाखवा, माणसं चांगली आहेत. माणसं खरंच चांगली होती. मी आधी त्यांना माझ्याकडे बसवून चहा दिला. मुलगी टेबलाखाली शिरून माझी चप्पल चावायला लागली. तिच्या आईने लाजून तिला ओढलं. मी म्हटलं, राहू दे गं, धुतलेली आहे. धुतलेली नव्हती, मीच मग ती काढून घेतली. त्या पोरीचे हात धरून मी विचार करत होते की हिच्या लशी मी वेळेवर करून घेईन, ताप आला तर ही माणसं मधलं दार वाजवतील, आणि ताप नसतानाही ही पोर ते दार वाजवेल.

आम्ही मागे गेलो. खोल्या बघून बायको खूश झाली. निजायच्या खोलीत उभी राहून नवऱ्याला म्हणाली, लोखंडी कपाट इथं येते, अन् पलंग तिकडं. कपाट जिथे येत होतं तिथेच ती फरशी होती. मग ती माझ्याकडे वळली.

"सिस्टर, तुमी इथंच राह्यता. घर कसं हाय?"

पुतण्याला माहीत नव्हतं. समितीला माहीत नव्हतं. माझ्याशिवाय या गावात कुणालाच माहीत नव्हतं. इथे जड काही ठेवू नका, देवाचं ठाणं आहे, हे वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. ते म्हटलं असतं तर पुढच्या महिन्यात पलीकडे दिवा लागला असता. मी पोरीकडे बघितलं. ती फरशीवर हात आपटत होती.

"खाली पेव आहे," मी म्हटलं. "तुम्ही उभ्या आहात तिथेच. आधी बुजवून घ्या, मग खुशाल राहा. माझ्याकडचं बुजवलेलं आहे, काही होत नाही."

तिने मुलीला पटकन उचललं. नवरा म्हणाला, "गावात म्हणतेत ते खरंच हाय म्हणजे. पेवाचं घर." मी पुन्हा सांगितलं, की मिस्त्रीभाई चांगलं काम करतात. ते दोघं हो हो म्हणाले, विचार करून कळवतो म्हणाले. जाताना बायको माझ्या नव्या फरशीवरूनसुद्धा भिंत धरून गेली.

पुतण्याचा फोन आला तो ओरडतच. तुमाले कोनी विचारलं होतं? मी म्हटलं, त्यांनीच. त्यानंतर तो किल्ली घेऊन गेला आणि कुणी आलं नाही. पेव बुजवायला तो तयार नाही, आणि न बुजवलेलं घर घ्यायला गावात कुणी तयार नाही.

काही दिवसांनी संध्याकाळी काकूंचा फोन आला, पुतसुनेच्या मोबाइलवरून. मागे टीव्ही चालू होता, आमचीच मालिका.

"सांगतलं म्हने तुमी त्याईले."

मला वाटलं आता रागावणार. त्यांनी जिवाभावाने दाखवलेली जागा मी आलेल्या पहिल्याच माणसाला सांगून टाकली होती.

"सांगितलं. पोर रांगती होती, काकू."

"हाव. सांगाचंच होतं." त्या म्हणाल्या. "गेले का मंग थे?"

"गेले."

"मंग कोनी नाई आता तिकडं."

"कुणी नाही."

तिकडे टीव्हीचा आवाज कमी झाला.

"सिस्टर," त्या म्हणाल्या, "मी तुमाले पयलेच सांगतलं असतं, तं तुमी आल्या असत्या का?"

पेव बाहेरच्याला सांगत नसतात म्हणून त्यांनी सांगितलं नाही, हे मी इतके दिवस खरं धरून चालले होते. गावानेही धरलं होतं. पेशंटला धीर द्यायला मी आयुष्यात हजारदा खोटं बोलले आहे, आणि तेव्हाही बोलावंसं वाटलं. जमलं नाही.

"नसते आले," मी म्हटलं.

"मंग," काकू म्हणाल्या.

तिकडून कुणीतरी त्यांना जेवायला हाक मारली, आणि फोन बंद झाला.